विमान नव्हे, जहाज

गोरेगावच्या आमच्या खोलीत भिंतीवर एकच चित्र होतं आणि ते देवाचं नव्हतं. देव कोनाड्यात होते. भिंतीवर होता वडिलांनी काढलेला एक मोठा फोटो, काचेच्या चौकटीत. खाली माळरान, त्यावर डोंगराएवढी काळी शेड, शेडसमोर माणसांची ही गर्दी, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर आभाळात एक लांबलचक रुपेरी जहाज. पंख नाहीत, नुसतं माशासारखं गुळगुळीत अंग, शेपटीला कल्ले आणि पोटाखाली खिडक्या असलेली चिमुकली खोली. जमिनीवर त्याची सावलीसुद्धा पडलेली.

घरी आलेला माणूस आधी त्या फोटोपाशी थांबायचा.

"हे कुठलं विमान हो?"

"विमान नव्हे, जहाज," वडील म्हणायचे. "हवाई जहाज. आत गॅस भरतात. विमानाला उडावं लागतं, हे तरंगतं."

"आणि गाव कुठलं?"

"कराची."

मग पाहुणा बसायचा. आई चहाला आधण ठेवायची. वडील जहाजाची लांबी, गॅसच्या पिशव्या, ते बांधून ठेवायला उभारलेला मनोरा असं सगळं सांगायचे. कराचीचे लोक त्या शेडला नुसतं 'काला छपरा' म्हणायचे, हेही सांगायचे. फोटो कसा मिळाला असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तेव्हा आम्ही तिथेच होतो ना." यापुढे कधी काही बोलले नाहीत. मला ते नम्रपणाचं वाटायचं.

वडील मूळचे कोकणातले. मिसरूड फुटायच्या आत बोटीने कराचीला गेले, तिथे एका पारशाच्या स्टुडिओत उमेदवारी केली आणि पुढे तिथलेच झाले. त्या काळी कराचीत मराठी माणसं पुष्कळ होती. माझा जन्म तिथलाच. फाळणीच्या वर्षी आम्ही बोटीनेच मुंबईला आलो तेव्हा मी हायस्कुलात होते. आईच्या एका नातेवाइकाने गोरेगावात खोली मिळवून दिली आणि वडिलांना अंधेरी स्टेशनजवळच्या एका फोटोच्या दुकानात काम मिळालं. काम रिटचिंगचं. म्हणजे निगेटिव्हवर बारीक टोकाची पेन्सिल फिरवून चेहरे साफ करायचे. लग्नासाठी दाखवायला द्यायच्या फोटोंतल्या कितीतरी मुलींच्या गालांवरचे देवीचे व्रण त्यांनी बुजवले. त्यांचा हात इतका हलका होता की मुलीच्या आईलाही फरक सांगता यायचा नाही.

इथे आल्यावर आम्हाला कुणी कराचीबद्दल काही विचारत नसे. रेशनच्या रांगेत एक बाई आईला म्हणाली होती, "तुमचं काय बाई, निर्वासितांना सरकार सगळं देतं." आई रांगेत एक पाऊल पुढे सरकली. विचारणारे विचारायचे ते त्या फोटोमुळे. फोटो पाहिला की माणूस वडिलांना 'अहो-जाहो' करायला लागायचा.

मॅट्रिक आणि ट्रेनिंग करून मला गोरेगावातच मुलींच्या शाळेत नोकरी लागली. चौथीच्या वर्गाला वाहनांवर धडा होता. आगबोट, आगगाडी, विमान. धडा संपला तशी मी म्हणाले, "अजून एक वाहन असतं, ते तुमच्या पुस्तकात नाही." आणि फळ्यावर ते माशासारखं जहाज काढलं. "हे कराचीला उतरलं तेव्हा माझे वडील तिथे होते. त्यांनी फोटो काढलाय." मुली अशा गप्प झाल्या की खडूचा आवाज ऐकू येत होता.

गोष्ट शिक्षकांच्या खोलीत गेली, तिथून मोठ्या बाईंकडे. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुमच्या वडिलांना शनिवारी आणा ना. फोटो घेऊन येऊ देत. मुलींना चार गोष्टी सांगतील."

घरी मी हे सांगितलं तेव्हा वडील जेवत होते. त्यांचा हात ताटातच राहिला.

"मी काय बोलणार? मी फोटोवाला माणूस."

"अण्णा, जे पाहुण्यांना सांगता तेच सांगायचं. मोठ्या बाईंनी स्वतः बोलावलंय."

"पोरींना काय कळणार त्यातलं?"

"कळतं. मी शिकवलंय त्यांना."

चुलीपाशी बसलेली आई मालवणीत म्हणाली, "तेंका नको गो न्हेव."

"का म्हणून?"

"शाळा ती. बरां नाय दिसाचां." आणि तिने तव्यावर भाकरी अशी आपटली की मला वाटलं, वडिलांच्या जुन्या कोटाची तिला लाज वाटते आहे. म्हणून शुक्रवारी मी तो कोट स्वतः इस्त्री करून आणला.

शनिवारी दोन वर्गांमधलं लाकडी पार्टिशन सरकवून हॉल केला होता. मुली बसकरांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे एक टेबल, बाजूला तीन खुर्च्या. एकीवर मोठ्या बाई, एकीवर मी आणि तिसरीवर शाळेच्या मंडळाचे चिटणीस. हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले, उंच, कोरड्या चेहऱ्याचे, शनिवारी हिशेब बघायला यायचे. पाहुणे आलेत म्हटल्यावर मोठ्या बाईंनी त्यांनाही बसवून घेतलं.

वडिलांनी आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली चौकट उघडली आणि टेबलावर भिंतीला टेकवून ठेवली. सुरुवातीला त्यांचा आवाज फुटेना. मग जहाजाच्या आतल्या गॅसच्या पिशव्या बैलाच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यांच्या असतात असं त्यांनी सांगितलं आणि मुली एकदम "शी!" म्हणून हसल्या. तिथून त्यांना सूर सापडला. सांगाडा कसा असतो, लोक आत जेवतात कसे, झोपतात कसे. मी खुर्चीत ताठ बसले होते. माझ्या वर्गातल्या मुली मागे वळून दुसऱ्या वर्गातल्यांना खुणा करत होत्या, आमच्या बाईंचे वडील.

पुढच्या ओळीतल्या एका मुलीने विचारलं, "ते आलं तेव्हा आवाज झाला का हो?"

वडील थांबले. त्यांनी चौकटीच्या कडेवर हात ठेवला. आता वाटतं, तेवढ्यात ते काहीही म्हणू शकले असते.

"नाही," ते म्हणाले. "आधी आवाज नाही. आधी सावली आली."

आणि ते सांगत गेले. माळावरून सावली सरकत कशी आली, घोडे कसे बिचकले, बायकांनी डोक्यावरचे पदर कसे ओढून घेतले. वरून दोर सुटले, ते धरायला शिपाई धावले. एका खिडकीतून गोऱ्या साहेबाने रुमाल हलवला. सावली अंगावर आली तेव्हा भर उन्हात गार वाटलं. मी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होते. मीही मुलींसारखी पुढे झुकून बसले होते.

"एक मिनिट," चिटणीस म्हणाले. ते उठले नव्हते, बसूनच बोलत होते. "तुम्ही कराचीत कुठे होतात?"

"सदरला. सदरमध्ये स्टुडिओ होता आमचा."

"मी शेडजवळच्या ड्रिग रोड स्टेशनला होतो. काही वर्षं."

वडिलांचा चेहरा उजळला. मला तो अजून दिसतो. गावचा माणूस भेटल्यावर उजळतो तसा. "साहेब कराचीचे?" असं म्हणून ते एक पाऊल पुढेही आले. आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

"हे जहाज कराचीला आलं नाही," चिटणीस म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, चुकीची पावती दुरुस्त करावी तसे ते बोलत होते. "शेड बांधली होती, खरं आहे. मनोराही उभारला होता. आमची सगळी तयारी होती. पण ते विलायतेहून निघालं आणि फ्रान्समध्ये पडलं. जळालं. आतली बहुतेक माणसं गेली. बातमी आली तेव्हा मी स्टेशनातच होतो. मुलींना चुकीचं कळू नये म्हणून बोललो."

वडील म्हणाले, "साहेबांचं बरोबर आहे."

ते इतक्या हळू म्हणाले की मागच्या मुलींना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुढच्यांना विचारलं, "काय म्हणाले गं?" आणि पुढच्यांनी मागे वळून सांगितलं, "आलंच नाही म्हणे." "काय?" "अगं, आलंच नाही." हे असं ओळीओळीने मागच्या भिंतीपर्यंत गेलं. हसली कुणीच नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोठ्या बाईंनी घाईघाईने राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं. सगळे उभे राहिले. वडिलांनी तोवर चौकट उचलून हातात घेतली होती आणि आता ती ठेवायला हलणं बरं दिसेना, म्हणून गीत संपेपर्यंत ते ती पोटाशी धरून ताठ उभे राहिले. फोटोची बाजू मुलींकडे होती.

नंतर पाहुण्यांसाठी केलेला चहा मी न्यायचा होता. मी जागची हलले नाही. दुसऱ्या एका बाईंनी नेला. वडिलांनी तो उभ्याउभ्याच घेतला.

घरी जायला तेव्हा भातखाचरांतून आणि म्हशींच्या तबेल्यांमधून पायवाट होती. मी भराभर पुढे चालले. मागे चौकट घेऊन वडील. पायांचा आवाज लांब गेला की मला थांबावंसं वाटायचं आणि जवळ आला की मी पुन्हा वेग वाढवायचे. चाळीच्या तोंडाशी शेजारच्या काकूंनी त्यांना विचारलं, "कसं झालं भाषण?"

"छान झालं," वडील म्हणाले.

खोलीत शिरल्याशिरल्या मी म्हणाले, "अण्णा, तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांनी टोपी खुंटीला लावली, चौकट परत भिंतीवर टांगली आणि पाय धुवायला नळावर गेले. बराच वेळ आले नाहीत. नळाचं पाणी वाहत असलेलं आत ऐकू येत होतं.

तेव्हा आईने सांगितलं. जहाज यायच्या आधी कराचीत सगळ्यांना त्याचंच वेड लागलं होतं. ज्या दिवशी ते उतरेल त्या दिवशी माळावर त्याचे फोटो विकायचे असं वडिलांच्या मनात आलं. पण फोटो काढून, धुऊन, छापून विकेपर्यंत गर्दी घरी गेलेली असणार. म्हणून त्यांनी तो आधीच करून ठेवला. शेड आणि माळ खरे. गर्दी घोड्यांच्या शर्यतीतली. जहाज एका विलायती मासिकातून कापून घेतलेलं. सूर्य कुठे असेल याचा विचार करून करून त्यांनी सावली कुंचल्याने रंगवली. पोस्टकार्डांचे गठ्ठे छापून तयार झाले आणि मग ती बातमी आली. तिकडे इतकी माणसं जळून मेलेली. कार्डं बाहेर काढायची सोय राहिली नाही. आईने कितीतरी दिवस त्यांच्यावर चूल पेटवली. हा एवढा मोठा केलेला फोटो तेवढा वडिलांनी जाळू दिला नाही.

"फसवूक नाय केल्यानी गो," आई म्हणाली. "येतलां म्हणान केल्यानी."

"तुला ठाऊक होतं?"

"माका ठावक होतां. तुका सांगूक व्हयां होतां."

सोमवारी वर्गात शिरले तर फळ्यावर माझंच जहाज काढलेलं होतं, मी काढलं होतं त्याहून चांगलं. खाली लिहिलं होतं, 'आलं! आलं!' मी ते पुसलं, मुलींकडे न बघता हजेरी घेतली. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. वय झालं की पुरुष थापा मारतात. आमचे मामंजी तर विचारू नका." त्या खरंच माझी समजूत घालत होत्या. मला फळ्यापेक्षा ते जास्त लागलं.

वडील सकाळी स्टेशनकडे निघायचे आणि शाळा त्याच वाटेवर होती. आम्ही रोज बरोबर जायचो. मी लवकर निघायला लागले, वह्या तपासायच्या आहेत असं सांगून. थोड्या दिवसांनी माझ्या लक्षात आलं की वडील तबेल्यांच्या मागून, लांबच्या वाटेने जातात. शाळेवरून जायला नको म्हणून. कुणाच्या भल्यासाठी ते मी स्वतःला विचारलं नाही. नंतर एके दिवशी भिंतीवरची चौकटही नाहीशी झाली. ट्रंकेच्या मागे तिचा कोपरा दिसत होता.

दिवाळी होऊन गेली. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. पूर्वेला, स्टेशनच्या पलीकडे सिनेमाचे स्टुडिओ होते. तिथल्या एका कंपनीने नव्या बोलपटाची जाहिरात म्हणून दोराला बांधलेला एक फुगा वर सोडला. गोल नव्हे, लांबट, शेपटीला कल्ले असलेला, अंगावर बोलपटाचं नाव. तो मालाडहूनही दिसायचा म्हणे. मधल्या सुट्टीत मुलींनी तो पाहिला आणि मैदानात एकच गलका झाला. "बाई, आलं! बाई, बाहेर या ना, तुमचं जहाज आलं!"

सगळी शाळा माना वर करून उभी होती. मोठ्या बाईही. हसत होत्या सगळ्या, आणि खरं सांगायचं तर त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मजाच होती ती. मी पायरीवर उभी राहून चपलेचा अंगठा बघत होते.

रविवारी सकाळी वडील चाळीबाहेर उभे होते. हात मागे, नजर वर.

"छोटं आहे," ते कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले. "पण बांधणी चांगली आहे. नाक वाऱ्याकडे धरतंय बघ."

आम्ही बरेच दिवस नीट बोललो नव्हतो. मी म्हणाले, "अण्णा, याचा फोटो काढा."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"हा खरा आहे," मी म्हणाले.

मला तो फोटो शाळेत न्यायचा होता. मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवायचा होता, चिटणिसांसमोर. वडिलांना हे कळलं असणार. ते आत गेले आणि घडीचा कॅमेरा घेऊन आले, कराचीहून आणलेला. आम्ही रेल्वेचं फाटक ओलांडून स्टुडिओच्या मागच्या शेतांत गेलो. जवळ जायला बघितलं तर पहारेकऱ्याने हटकलं, "ए चाचा, अंदर नहीं जाने का." वडिलांनी मान हलवली आणि लांबच्या बांधावर तिकाटणं रोवलं. काळ्या कापडाखाली डोकं घातलं, बाहेर काढलं, पुन्हा घातलं. फुगा वाऱ्याने वळायचा, कधी आडवा दिसायचा, कधी नुसता वाटोळा. आडवा यायची वाट बघत आम्ही उन्हात उभे राहिलो. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, पण ते इतके खुशीत होते की मीही थोडा वेळ सगळं विसरले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते दुकानातून प्रिंट घेऊन आले. मी दिव्याखाली धरून बघितली. पांढुरकं आभाळ. मध्ये करड्या रंगाचा एक पुसट डाग, ओल्या अंगठ्याने कागद धरावा तसा. खाली कापलेलं भात आणि तारेचा खांब. तारेचा खांब मात्र उत्तम आला होता.

"हे?" मी म्हणाले.

"लांब होतं. भिंग लहान पडलं." ते माझ्या शेजारी वाकले. "जरा पेन्सिल फिरवली तर कडा उठतील. दोर पण दाखवता येईल. खरा दोर होताच ना."

"काही करायचं नाही. हात लावायचा नाही."

वर्गात दुसरीचं बघून लिहिताना सापडलेल्या मुलीशी मी ज्या आवाजात बोलायचे, तोच आवाज होता तो. माझा मलाच ऐकू आला.

"नाही लावत, बाई," वडील म्हणाले.

ते मला कधी बाई म्हणाले नव्हते. पोरी म्हणायचे, नावाने हाक मारायचे. थट्टा नव्हती त्यात. मग ते खाली बसले आणि इतक्या महिन्यांनी आपणहून बोलले. "त्या पोरीने विचारलं ना, आवाज झाला का म्हणून. तेव्हा सांगणार होतो. पण इतक्या जणी बघत होत्या. आलं नाही म्हणायला तोंडच उघडेना. एकदा सावली आली म्हटलं आणि मग पुढचं सगळं येत गेलं. मलाच दिसायला लागलं." प्रिंटकडे बघत म्हणाले, "इतकी वर्षं ते कसं आलं असतं तेच बघत होतो ना मी."

मी प्रिंट वहीत ठेवली. ती शाळेत नेली नाही.

पुढे एका रविवारी दुपारी दारात चिटणीस उभे राहिले. काठीसारखी छत्री टेकवत, शेजारच्या मुलांना घर विचारत आले होते. नोकरीवरून काही बोलायला आलेत असंच वाटलं. आईने खुर्ची पुसून दिली.

"तुमचा तो फोटो," ते वडिलांना म्हणाले.

"काढून ठेवलाय, साहेब. आता लावत नाही."

"नाही, नाही. मला बघायचा होता."

वडिलांनी ट्रंकेमागून चौकट काढली, बाहीने काच पुसली. चिटणिसांनी चष्मा बदलला आणि चौकट मांडीवर घेतली. जहाजाकडे त्यांनी बघितलंच नाही. ते खालच्या माळावर बोट फिरवत होते.

"ही पाण्याची टाकी. हिच्या मागे आमचे क्वार्टर्स. या वाटेने आमची ही दुपारचा डबा पाठवायची. गर्दी कुठली आहे ही?"

"घोड्यांच्या शर्यतीची."

"मग यात आम्ही दोघंही असू." त्यांनी बराच वेळ गर्दीत शोधलं. चेहरे तांदळाच्या दाण्याएवढे होते. "ती तिकडेच वारली, फाळणीच्या आधी. येताना सामान लुटलं गेलं. तिचा काय, तिकडचा एकही फोटो नाही माझ्याजवळ." आणि मग मान न उचलता, "वरचं हे झाकून खालचं तेवढं काढून देता येईल?"

"येईल की," वडील म्हणाले. "पण सावली आहे जमिनीवर. तिचं काय करू?"

चिटणिसांनी सावलीवर अंगठा ठेवून बघितला. "राहू दे. ढगाची वाटेल."

त्या दिवशीच्या शाळेतल्या प्रसंगाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत, आणि वडिलांनाही ती अपेक्षा दिसली नाही. फोटो आठवड्याभरात तयार झाला. तो न्यायला आले तेव्हा चिटणीस संध्याकाळपर्यंत बसले, आणि मग दर रविवारी यायलाच लागले. दोघे सिंधीतले शब्द घालत सदरबद्दल, ट्रामबद्दल, क्लिफ्टनच्या समुद्राबद्दल बोलत. वडील मोठ्याने हसत. आई चहा करी. मी मात्र ते आले की मैत्रिणीकडे जायचे. ज्यांच्यात हे घडलं त्यांचं मिटलं होतं, आणि माझी मान काही वर होत नव्हती. मैदानातून जाताना कुणी वर बघितलं तरी मला वाटे, माझ्यावरूनच काही चाललंय.

जूनमध्ये मी मुलुंडच्या शाळेत नोकरी धरली आणि तिथे मावशीकडे राहायला गेले. घरी सांगितलं, वरचे वर्ग मिळतायत. वडिलांनी फक्त "बरं" म्हटलं आणि ट्रंक मावशीच्या दारापर्यंत स्वतः उचलून आणून दिली.

नव्या शाळेत पहिल्याच दिवशी एका बाईंनी विचारलं, "मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"कोकणातली."

"आणि मुंबईत कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली."

कराची मी गाळली. पुढेही कधी घातली नाही. एकदा गाळल्यावर घालणार कुठे?

याच बाई माझ्या चांगल्या मैत्रीण झाल्या. गोरेगावला त्यांचे कुणी आप्त होते, त्यांच्याकडे आल्या तेव्हा आमच्याकडेही डोकावल्या. मी सुट्टीला घरीच होते. वडिलांनी त्यांचं स्वागत केलं, बसायला दिलं. मी चहा गाळत होते.

"तुमच्यासारखे आम्हीही कोकणातलेच," मैत्रीण त्यांना म्हणाली. "तुम्ही मुंबईत पहिल्यापासूनच ना?"

मी गाळणं तसंच धरून उभी राहिले. आईने वर बघितलं. वडिलांनी माझ्याकडे एकदा बघितलं, फार वेळ नाही.

"हो," ते म्हणाले. "पहिल्यापासून." आणि मग लगेच, मैत्रिणीने पुढचं काही विचारायच्या आत, "मुलुंडला पाण्याचं कसं आहे हो? हिला विचारलं तर ही काही सांगत नाही."

मैत्रीण पाण्याबद्दल सांगू लागली. मी कपबश्या पुढे केल्या. वडिलांनी आपला कप घेतला, बशीत ओतला, आणि तिचं सगळं बोलणं संपेपर्यंत मान डोलवत ऐकत राहिले.